ऑ साबल नदीचे दोन मासे

मासे धरण्याचे दोन हेतू सर्वांस ठाऊक आहेत. एक पोटाचा आणि दुसरा व्यापाराचा. तिसराही एक हेतू आहे, पण तो आपल्याकडे फारसा परिचयाचा नाही. मासा मोठ्या कौशल्याने गळास लावावयाचा, क्षणभर ओल्या हातात धरून त्याचे रंग पाहावयाचे आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यावयाचा, असा हा छंद आहे. ऐकणारास हा खुळेपणा वाटेल. परंतु एका नदीचा दीडशे वर्षांचा इतिहास या खुळापासून वेगळा करता येत नाही. त्या इतिहासात एक मासा कायमचा नाहीसा झाला आणि परक्या मुलखातून आणलेल्या दुसऱ्याने त्याची जागा घेतली. या उलथापालथीत वसंत आणि शरद या दोन ऋतूंचा जो हात होता, त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत महासरोवरांच्या वेढ्यात मिशिगन नावाचे राज्य आहे. त्याच्या खालच्या द्वीपकल्पाच्या उत्तर भागात ग्रेलिंग नावाचे लहानसे गाव आहे. या गावाच्या वरच्या अंगास उगम पावून ऑ साबल नदी पूर्वेकडे सुमारे २२० किलोमीटर वाहते आणि ऑस्कोडा येथे ह्युरॉन सरोवरास मिळते. फ्रेंच भाषेतील हे नाव वाळूवरून पडलेले आहे आणि ते अगदी यथार्थ आहे. हिमयुगातील हिमनद्यांनी मागे टाकलेल्या वाळूचे व खडीचे जाड थर या प्रदेशात सर्वत्र पसरले आहेत. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यांत मुरते आणि मग असंख्य झऱ्यांच्या रूपाने बारा महिने नदीत उतरते. आपल्या नद्या आषाढात दुथडी भरून वाहतात आणि वैशाखात त्यांच्या पात्रात गुरे चरतात. ऑ साबलचा स्वभाव याच्या उलट आहे. तिला मोठा पूर क्वचितच येतो, ती आटत नाही, आणि भर उन्हाळ्यातही तिचे वरचे पाणी गारच असते. थंड, निर्मळ आणि खडीवरून वाहणारे असे पाणी ज्या माशांस लागते, त्यांच्यासाठी ही नदी जणू मुद्दाम घडविली होती.

अशा नदीवर जी मासेमारी चालते तिला फ्लाय फिशिंग, म्हणजे माशीची मासेमारी, म्हणतात. गळास गांडूळ किंवा कणीक लावून काठावर बसून राहावयाचे, हा आपल्या परिचयाचा प्रकार होय. येथे गळ अगदी बारीक असतो. त्यावर रेशीम, पिसे आणि केस गुंडाळून नदीवर उडणाऱ्या किड्याची प्रतिमा तयार करतात. ही माशी वजनाने इतकी हलकी असते की ती फेकता येत नाही. म्हणून दोरच जाड व वजनदार करतात आणि लवचिक काठीने तो दोर हवेत मागेपुढे खेळवीत शेवटी पाण्यावर अलगद उतरवितात. पूर्वी हा दोर रेशमाचा असे आणि काठी चीनमधून आणलेल्या बांबूच्या सहा चिरफळ्या डिंकाने जोडून केलेली असे. माशी प्रवाहाबरोबर सहज वाहत गेली पाहिजे. दोराने ती यत्किंचित ओढली गेली तरी माशास संशय येतो. नदीत कोणता किडा कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रहरी पंख फुटून वर येतो, हे माहीत नसेल तर उत्तम काठी असून उपयोग नाही. तेव्हा या छंदाच्या नादी लागलेला मनुष्य हळूहळू नदीचा विद्यार्थी बनतो, आणि माझ्या मते या छंदाचे सारे महत्त्व तेवढ्यातच आहे.

आता पहिल्या माशाकडे वळू. त्याचे नाव ग्रेलिंग. हे नाव आज गावास आहे. मासा मात्र तेथे नाही. हाताएवढा लांब, रुपेरी अंगाचा, आणि पाठीवर शिडासारखा उंच पर असलेला हा मासा होता. तो पर पसरला म्हणजे त्यावर जांभळे, गुलाबी ठिपके चमकत. थाइम नामक वनस्पतीसारखा वास या कुलातील माशांस येतो असे मानीत, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांस थायमॅलस हे नाव दिले. मिशिगनमधील ग्रेलिंगचे शास्त्रीय वर्णन एडवर्ड कोप या पंडिताने १८६५ साली प्रसिद्ध केले. पुढे १८७३ च्या सुमारास रेल्वे या अरण्यात पोहोचली आणि शहरातील गळवाल्यांची रीघ लागली. बे सिटीचे फिट्झह्यू आणि फिलाडेल्फियाचे थॅडियस नॉरिस यांच्यासारख्या नामांकित शौकिनांनी या माशाची कीर्ती देशभर केली.

ग्रेलिंगचा एक अवगुण होता आणि तोच त्यास भोवला. तो भोळा होता. ट्राउट मासा माशी पाहून शंभरदा विचार करतो. ग्रेलिंग एकदा चुकला तर पुन्हा झेप घेई. दोरास तीन माश्या बांधल्या तर तिन्हींना तीन मासे लागत. पकडलेले सारे मासे कोणी खाऊ शकत नसे, तरी लोक मोजदाद करून फुशारकी मारीत आणि उरलेले काठावर टाकून जात. पेट्यांत भरून शिकागोच्या उपाहारगृहांकडे पाठविलेल्या माशांची गणतीच नाही. शौकाचा आणि व्यापाराचा असा मेळ बसला म्हणजे काय होते, ते आपण आपल्या अरण्यांतही पाहिले आहे.

परंतु गळाने मारलेल्या ग्रेलिंगपेक्षा कुऱ्हाडीने मारलेले अधिक, असे म्हटल्यास आश्चर्य वाटेल. वस्तुस्थिती तशीच आहे. मिशिगनच्या अरण्यांत श्वेत पाइनचे प्रचंड वृक्ष होते, आणि १८७० नंतरची सुमारे तीस वर्षे सबंध अमेरिकेस लाकूड पुरविण्यात हे राज्य अग्रेसर होते. शिकागो शहर १८७१ च्या आगीत जळाले, ते पुन्हा उभारावयास याच प्रदेशाचे लाकूड गेले. हिवाळ्यात वृक्ष तोडावयाचे, बर्फावरून ओंडके ओढीत नदीकाठी त्यांचे ढीग रचावयाचे आणि वसंतात बर्फ वितळून पाणी वाढले की सारे ओंडके नदीत लोटून द्यावयाचे, अशी रीत होती. हजारो ओंडके एकमेकांवर आपटत, तळ खरवडीत, काठ ढासळवीत करवतीच्या गिरण्यांकडे वाहत जात. काठांवरील सावली गेली. उघड्या पडलेल्या भूमीवरची वाळू पाण्यात उतरून तळाच्या खडीवर बसली.

येथे ऋतूंचा प्रश्न येतो. ग्रेलिंग वसंतात अंडी घालतो. शिवाय त्याची मादी खड्डा खणीत नाही. खडीच्या पृष्ठभागाशीच अंडी सोडते. म्हणजे जो काळ ओंडक्यांचा, तोच त्याच्या वंशवृद्धीचा. आणि अंडी अशी उघड्यावर की पहिल्याच धडकेने त्यांचा चुराडा व्हावा किंवा ती वाळूखाली गुदमरावीत. एक वसंत असा गेला असता तर मासा सावरला असता. असे वसंत एकामागून एक वीस-पंचवीस आले. विसाव्या शतकाच्या आरंभीच ऑ साबलमधून ग्रेलिंग दिसेनासा झाला. राज्याच्या अगदी उत्तरेकडील ओटर नदीत थोडे उरले होते, तेही १९३६ च्या सुमारास संपले. मिशिगनचा मूळचा ग्रेलिंग त्यानंतर कोणी पाहिला नाही.

अरण्याचीही तीच गत झाली. तोडलेल्या वृक्षांच्या वाळलेल्या फांद्या सर्वत्र पडलेल्या असत आणि त्यांस वारंवार आग लागे. ११ जुलै १९११ रोजी अशा वणव्याने नदीच्या मुखावरील ऑस्कोडा व ऑ साबल ही दोन्ही गावे भस्मसात केली. जुने पाइन वृक्ष कसे होते हे पाहावयाचे असेल तर आज ग्रेलिंग गावाजवळील हार्टविक पाइन्स या राखीव वनात जावे लागते. हार्टविक घराण्यातील एका विधवा स्त्रीने पतीच्या स्मरणार्थ १९२७ साली सुमारे ८,००० एकर जमीन राज्यास दिली. तीत अवघे ८५ एकर जुने अरण्य शिल्लक होते, आणि १९४० च्या नोव्हेंबरातील वादळाने त्यातलेही बरेच पाडले.

दुसरा मासा ट्राउट. तोही एक नव्हे, तीन प्रकारचा. आणि तिन्ही प्रकार या नदीत माणसाने आणून सोडलेले आहेत. कॅलिफोर्नियाकडील इंद्रधनुषी ट्राउट १८७६ साली त्याच फिट्झह्यूने येथे सोडला, ज्याने ग्रेलिंगचे गुण गाइले होते. पूर्वेकडील ब्रुक ट्राउट, ज्याचे घर मिशिगनच्या उत्तर टोकापर्यंतच होते, तो १८८० नंतर आला. तिसरा तपकिरी ट्राउट याची कथा जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १८८० साली बर्लिन येथे मत्स्यव्यवसायाचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तेथे अमेरिकेकडून फ्रेड मॅथर हे गृहस्थ गेले असता जर्मनीतील मत्स्यसंवर्धनाचे पुरस्कर्ते बॅरन फॉन बेर यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. त्या स्नेहाचे फळ म्हणून १८८३ च्या फेब्रुवारीत सुमारे ८०,००० अंडी वेरा नावाच्या आगबोटीने न्यूयॉर्कला पोहोचली. त्यांतील काही अंडी मिशिगनमधील नॉर्थव्हिल येथील केंद्रात उबविली गेली आणि ११ एप्रिल १८८४ रोजी राज्याच्या पश्चिम भागातील बाल्डविन नदीत ४,९०० पिले सोडण्यात आली. अमेरिकेच्या नद्यांत तपकिरी ट्राउट सोडल्याची पहिली नोंद ती हीच. पुढे हा मासा ऑ साबलमध्येही पसरला. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, याच जातीचा मासा स्कॉटलंडहून १९०० साली काश्मीरलाही आणला गेला, आणि आज लिद्दर नदीवर जे ट्राउट प्रवाशांस दाखवितात ते त्याचेच वंशज होत.

हा प्रवास शक्य कसा झाला? ट्राउटची अंडी थंडीत अतिशय मंद गतीने वाढतात. ओल्या शेवाळात गुंडाळून बर्फाशेजारी ठेविली तर ती आठवडेच्या आठवडे टिकतात. तपकिरी आणि ब्रुक ट्राउट अंडी घालतात ती शरदात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्यामुळे हिवाळ्यातील गार समुद्रप्रवासास ती आपोआपच सोयीची पडली. मादी शेपटीच्या तडाख्यांनी खडीत खड्डा खणते, अंडी त्यात घालून वरून खडी लोटते, आणि सारा हिवाळा ती त्या आवरणाखाली सुरक्षित राहतात. हा मासा रुजू लागला तेव्हा वृक्ष संपत आले होते आणि उरलेले लाकूड रेल्वेने जाऊ लागले होते. म्हणजे ग्रेलिंगच्या नशिबी उघडी अंडी आणि ओंडक्यांचा वसंत आला. ट्राउटच्या वाट्यास पुरलेली अंडी आणि शांत होत चाललेली नदी आली. एवढ्यानेच सारे घडले असे मी म्हणत नाही. भुकेला तपकिरी ट्राउट लहान ग्रेलिंगला जगू देत नाही, हेही कारण होतेच. पण ट्राउटने ग्रेलिंगला हुसकावून लावले असे सरसकट सांगतात, ते मला पटत नाही. घर आधीच मोडले होते. पाहुणा मागाहून शिरला.

या पाहुण्याचे स्वागत प्रथम काही सर्वांनी केले नाही. तो संशयी, लवकर गळास न लागणारा, आणि लहान ब्रुक ट्राउट खाणारा म्हणून पुष्कळांनी त्यास नावे ठेविली. परंतु त्या संशयीपणानेच तो टिकला, आणि त्यास फसविण्याकरिता माशी बांधण्याची कला या प्रदेशात वाढीस लागली. मिशिगनमधील मेफील्ड गावचे लिओनार्ड हॅलाडे यांनी १९२२ साली कोंबड्याच्या करड्या-तपकिरी पिसांची व मस्करॅट या उंदरासारख्या प्राण्याच्या लोकरीची एक करडी माशी बांधली आणि ॲडॅम्स नावाच्या आपल्या मित्रास दिली. ॲडॅम्स याच नावाने ती आज जगभर वापरली जाते. ती कोणत्याही एका किड्यासारखी नाही आणि थोडीथोडी सर्वांसारखी आहे. ऑ साबलवरची नावही पाहण्यासारखी असते. सुमारे २४ फूट लांब, अरुंद, सपाट बुडाची; पुढे गळवाला बसतो, मागे वाटाड्या लांब बांबूने ती ढकलतो आणि वेग कमी करावयाचा झाल्यास मागून साखळी तळाशी सोडून देतो.

या नदीवरचा शरद पाहण्याचा भाग्ययोग फार थोड्यांस येतो. सप्टेंबर लागला की काठचे मेपल तांबडे होऊ लागतात, ॲस्पेनची पाने पिवळी पडतात, आणि पाण्यावर इतकी पाने वाहतात की त्यांत माशी ओळखणे कठीण जाते. जूनमध्ये रात्री उडणारे बोटाएवढे किडे आता नसतात. ढगाळ, झिमझिम पावसाच्या दुपारी तांदळाच्या दाण्याएवढे राखाडी किडे वर येतात आणि ट्राउट ते हलकेच टिपतो. एवढ्या बारीक गळास माशी बांधणे हे सोनाराचे काम आहे. उलट मोठे नर या दिवसांत अंगाने सोनेरी होतात, त्यांचा खालचा जबडा आकड्यासारखा वळतो, आणि ते आपल्या जागेत शिरणाऱ्या कोणावरही धावून जातात. त्यांच्यासाठी लहान माशाच्या आकाराची लांब पिसांची प्रतिमा पाण्याखालून ओढीत नेतात. भूक आणि क्रोध अशा दोन्ही विकारांवर गळवाल्याची नजर असते. पण हाच काळ अंडी घालण्याच्या तयारीचा असतो. आपल्या कोकणात पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांत चढणीचे मासे चढतात आणि गाभोळीने भरलेले असतानाच ते खोलून, टिपून धरले जातात. तेव्हा या काळात हात आवरणे किती अवघड, हे निराळे सांगावयास नको. मिशिगनने यासाठी कायदा केला. बहुतेक नद्यांवर ट्राउटचा मोसम एप्रिलच्या अखेरच्या शनिवारी सुरू होऊन ३० सप्टेंबरास संपतो.

नुसता कायदा पुरेसा नव्हता. नदीच्या खालच्या भागात १९११ ते १९२४ या काळात विजेसाठी सहा धरणे झाली आणि तेथील पाणी कोंडले गेले. वरच्या भागात केंद्रात वाढविलेले मोठे मासे आणून सोडावयाचे व लोकांनी ते चार दिवसांत पकडून न्यावयाचे, असा सरकारी परिपाठ बराच काळ चालला. यास प्रथम जोरदार हरकत घेतली ती गळवाल्यांनीच. १९५९ च्या जुलैत ऑ साबलच्या काठी जॉर्ज ग्रिफिथ यांच्या घरी पंधरा-सोळा मंडळी जमली आणि त्यांनी ट्राउट अन्लिमिटेड नावाची संस्था स्थापिली. मासे पुरवू नका, नदी सांभाळा, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. पुढे मिशिगनने तो परिपाठ सोडला आणि आज ती संस्था सबंध अमेरिकेत काम करते. मोटारींचे कारखानदार जॉर्ज मेसन १९५४ च्या ऑक्टोबरात वारले, तेव्हा त्यांनी नदीच्या दक्षिण शाखेकाठची सुमारे दीड हजार एकर जमीन वन्य जिवांसाठी कायम राखावी या अटीवर राज्यास देऊन ठेविली होती. ग्रेलिंग गावाखालील बर्टन्स लँडिंग ते वेकली पूल हा सुमारे आठ मैलांचा पट्टा गळवाले पवित्र जल म्हणून ओळखतात. तेथे केवळ माशीनेच मासे धरता येतात, आणि १९८९ पासून धरलेला प्रत्येक मासा जिवंत सोडणे बंधनकारक आहे. या नियमावरून बरेच वादंग माजले. मासा घरी नेऊन तळण्याचा आपला हक्क काढून घेतला असे स्थानिकांतील काहींस वाटले, आणि त्यांच्या बाजूने विचार केल्यास त्यात तथ्यही होते. तरी नियम टिकला.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ग्रेलिंग गावात १९१४ साली एक मत्स्यसंवर्धन केंद्र निघाले. ते काढण्यात पुढाकार होता रासमस हॅन्सन यांचा, आणि हे हॅन्सन लाकडाचे बडे व्यापारी. नाहीसा झालेला ग्रेलिंग परत आणावा हा त्यांचा हेतू. तो साधला नाही. मग तेथे ट्राउट वाढू लागले. शंभर वर्षांनी, २०१४ साली, याच केंद्रात वर्षाला ३,००,००० पौंडांपर्यंत ट्राउट वाढवून विकण्याचा परवाना एका व्यावसायिकास मिळाला. एवढ्या माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य नदीच्या पाण्यात, पवित्र जलाच्या वरच्या अंगास, जाणार होते. गळवाल्यांच्या संघाने कित्येक वर्षे खटला लढविला आणि अखेर तडजोड होऊन तो बेत बंद पडला.

ग्रेलिंगचे प्रकरणही अद्याप मिटलेले नाही. २०१६ साली मिशिगनचे सरकारी खाते आणि लिटल रिव्हर बँड ऑफ ओटावा ही मूळ रहिवाशांची जमात यांनी मिळून तो परत आणण्याचे काम हाती घेतले. अलास्कातील चेना नदीतून अंडी आणून त्यांची पैदास वाढविण्यात आली, आणि २०२५ च्या मे महिन्यात त्या माशांची अंडी तीन जमातींच्या स्वाधीन होऊन मॅनिस्टी, मेपल आणि बोर्डमन या नद्यांकाठी बसविलेल्या पेट्यांत उबविण्यात आली. नदीचेच पाणी पेटीतून खेळते आणि पिलू सुटते ते थेट त्या नदीत. वसंतातील कोणताही धक्का अंड्यांस लागू नये, ही त्यातली योजना आहे. जेथे तपकिरी ट्राउट कमी आहेत असे ओढे याकरिता शोधावे लागतात. ऑ साबल या तीन नद्यांत नाही. तेथे ट्राउट फार आहेत, आणि त्यांना हलवावे असे म्हणणारा गळवाला मिळणे कठीण.

ऑक्टोबरात बाकीचे पाणी बंद होते, पण पवित्र जलाचा पट्टा वर्षभर खुला असतो. तेव्हा तेथे उतरणारा जाणता गळवाला पाण्यातून चालताना खाली पाहत चालतो. काळपट तळावर कोठे घोंगडीएवढा स्वच्छ, फिकट खडीचा तुकडा दिसला, तर तो त्यास वळसा घालून जातो. नुकतीच खणून झाकलेली अंडी त्याखाली असतात.